आमचा शनिवार कुणाला विकलात? – अमेरिकेतल्या आमच्या गावच्या विद्यापीठाच्या अध्यक्षांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा विभागाचं पत्रक गेल्या आठवड्यात दुकानात येऊन पडलं. नोव्हेंबरमधले घरच्या मैदानावरचे दोन्ही फुटबॉल सामने यंदा शनिवारी नाहीत. एक मंगळवारी, एक बुधवारी, रात्री साडेसातला. कारण दिलंय : 'देशभरातल्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याची संधी.' खाली आपली सही, आणि सहीखाली गावातल्या व्यापाऱ्यांना विनंती की स्टेडियम भरण्यासाठी सहकार्य करावं.

नव्या वाहनतळासाठी आमच्या गल्लीचं एक टोक हवं होतं, तेव्हा नगरपालिकेच्या सभेत आपणच शब्द दिला होता. नोव्हेंबरमधला निदान एक शनिवार गावाचा राहील, असं आपलं वाक्य होतं. मी समोरच बसलो होतो. गल्लीचं टोक गेलं, आणि आता शनिवारही गेला.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे आपण ते वाचणार नाही, हे मला कळतं. इंग्रजी पत्राला आपल्या कार्यालयाकडून छापील आभार आले आणि सोबत 'आमच्या सेवेला किती तारे द्याल?' अशी विचारणा. न वाचलं जाणारंच पत्र लिहायचं तर मग आपल्या भाषेत तरी लिहावं. शिवाय आपल्या विद्यापीठात शिकणाऱ्या कितीतरी पोरांचे आईबाप सांगली-सोलापुरात, नाशिक-नागपुरात बसलेत. या तमाशाच्या खर्चाचा वाटा तेही उचलतात. त्यांना कळलेलं बरं.

त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथला फुटबॉल म्हणजे आपला पायांचा नव्हे. लांबट चेंडू, डोक्याला हेल्मेट आणि एकमेकांवर आदळणारी धिप्पाड पोरं. ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतचा हंगाम, त्यात घरच्या मैदानावर सहा सामने, फार तर सात. आमच्या गावात जेवढी माणसं, जवळपास तेवढ्याच स्टेडियममध्ये खुर्च्या. त्या शनिवारी सकाळपासून वाहनतळात गाड्यांच्या डिक्या उघडतात, शेगड्या पेटतात. याला टेलगेट म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वी शिकून गेलेली माणसं नातवंडं घेऊन येतात. तासाभराच्या अंतरावरून मक्याची शेती करणारे येतात. आमच्या किराणा दुकानामागे छोटं स्वयंपाकघर आहे, तिथून बटाटेवडे जातात. पहिल्यांदा 'फार तिखट' म्हणणारे गोरे आजोबा आता वेगळी मिरची बांधून मागतात. या सहा दिवसांच्या गल्ल्यावर आमच्या दुकानाचं हिवाळ्याचं भाडं निघतं. शेजारच्या न्हाव्याचं आणि पलीकडच्या मोटेलवाल्याचंही तसंच.

बुधवारी रात्री काय होतं, ते आपण काचेच्या कक्षातून पाहत असाल. मी फुटपाथवरून पाहतो. पारा शून्याच्या आसपास. शेतकरी येत नाही, त्याला पहाटे उठायचं असतं. नातवंडांना दुसऱ्या दिवशी शाळा. विद्यार्थी फुकटचा टी-शर्ट घ्यायला येतात आणि पहिल्या पावतासात होस्टेलवर परततात. मागच्या वर्षीच्या अशाच एका रात्री सौ.नं उकडून ठेवलेले बटाटे तसेच राहिले. तिच्या मनगटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी पीठ मळू नका म्हणून बजावलेलं, तरी ती उभी होती. शेवटी सारण डब्यात भरून चर्चच्या लंगरात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकाचा फोन : भाडं वाढतंय, 'स्टेडियमजवळची जागा आहे ना!' हसावं की रडावं, सांगा. वर तुमच्या कंत्राटदाराने वाहनतळातच स्वतःचा 'फॅन झोन' टाकलाय. तिथे बारा डॉलरला बर्गर, आणि बाहेरचं खाणं आत न्यायला बंदी. म्हणजे शनिवारी आलेलं गिऱ्हाईकही दुकानापर्यंत पोहोचू द्यायचं नाही. हे सगळं क्रीडा विभागात सांगायला गेलो, तर 'व्यावसायिक भागीदारी' या नावाचा फॉर्म हातात दिला. भागीदारीची किंमत आमच्या वर्षाच्या नफ्यापेक्षा जास्त.

आणि पत्रकात म्हणता, लोकांचा उत्साह कमी झालाय.

साहेब, गर्दी देशभरच आटली आहे, हे मलाही ठाऊक आहे. विद्यापीठांच्या फुटबॉलमधल्या सर्वांत वरच्या श्रेणीतल्या सामन्यांची सरासरी हजेरी २००८ च्या सुमारास ४६ हजारांच्या पुढे होती, ती २०१८ मध्ये ४२ हजारांच्या खाली आली. आकडा दोन-चारशे इकडेतिकडे असेल, पण हे तुम्ही लोकांनी स्वतः जाहीर केलेले आकडे. २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने विद्यापीठांकडून दारावर प्रत्यक्ष स्कॅन झालेल्या तिकिटांची नोंद मागवली, तेव्हा जाहीर आकड्याच्या शंभरातली सुमारे ७१ माणसंच आत गेलेली निघाली. उरलेली २९ माणसं कुठे बसतात, ते क्रीडा विभागाने एकदा दाखवावं. मी त्यांना वडे देईन.

लोक का येत नाहीत, हे सांगायला तुम्ही सल्लागार नेमलेत. फुकट सांगतो. सामना चालतो साडेतीन तास, आणि मैदानावर टीव्हीवाल्यांचा लाल टोपीवाला माणूस उभा राहिला की जाहिरात संपेपर्यंत खेळ थांबतो. थंडीत बसलेल्या माणसाने त्या टोपीकडे बघत बसायचं. ज्या पोराचा फोटो आम्ही दुकानात लावला, तो पुढच्या वर्षी मोठ्या विद्यापीठात निघून गेला. पोरांना पैसे मिळू लागले याचं मला वाईट वाटत नाही, डोकी त्यांची फुटतात. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठांना पहिल्या वर्षी खेळाडूंना २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा मिळाली. पण ते परवडतं बड्या विद्यापीठांना. आपल्यासारख्यांनी सप्टेंबरात त्यांच्या मैदानावर जाऊन मार खायचा, त्याबदल्यात धनादेश घ्यायचा आणि नोव्हेंबरात चॅनेलला बुधवार विकायचा. मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपल्यासारख्या विद्यापीठांच्या स्पर्धागटात, हे गेली पंचवीसेक वर्षं चाललंय. शनिवारी बड्यांच्या सामन्यांपुढे आपल्याला कोण दाखवणार? म्हणून इतर कुणी खेळत नाही तो दिवस. टीव्हीवर रिकाम्या खुर्च्यांसकट आपण झळकतो, आणि याला प्रसिद्धी म्हणायचं.

मी कोल्हापूरचा. तिथे शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे संघ पायांचा फुटबॉल खेळतात. पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळाचा सामना असला की शिवाजी पेठेत दुसरा विषय नसतो. खेळणारं पोर कुणाचं, कुठल्या गल्लीतलं, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. तिथेही भांडणं होतात, हुल्लडबाजी होते, सगळं गोड नाही. पण सामना कुणाचा, हा प्रश्न कधी कुणाला पडत नाही. इथे तो मला पडलाय.

वरच्या श्रेणीत राहायचं तर विद्यापीठाने सरासरी १५ हजार प्रेक्षक दाखवावेत, असा एनसीएएचा, म्हणजे विद्यापीठांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचा, एक नियम होता. तो पाळायला तिकिटं स्वतःच विकत घेण्यापर्यंत मजल गेली. २०२३ मध्ये तो नियमच काढून टाकला. त्याच वेळी या श्रेणीत नव्याने येण्याचं शुल्क पाच हजार डॉलरवरून पन्नास लाख डॉलर केलं. माणसं नसली तरी चालतील, पैसे आणा, हे एवढं स्पष्ट लिहून कुणी देतं का? यांनी दिलं. त्याच वर्षी टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना करार संपण्याआधी काढलं, आणि नुसतं घरी बसवायची किंमत साडेसात कोटी डॉलरच्या वर ठरली.

पैसा येतो कुठून? आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या फीमधून. नगर जिल्ह्यातल्या एका बापाने प्लॉट गहाण टाकून पोराला एम.एस.ला पाठवलंय. ते पोर माझ्या दुकानात मॅगी मोजून घेतं, आणि त्याच्या फीच्या पावतीत खेळांच्या शुल्काची वेगळी ओळ आहे. त्याने एकही सामना पाहिलेला नाही, बुधवारी संध्याकाळी त्याची लॅब असते. यंदा तर व्हिसाच्या भानगडीत आपली पोरंच कमी आलीत. मग आता कुणाच्या पावतीत ओळ घालणार?

आणि कर? विद्यापीठाच्या जमिनीवर मालमत्ता कर नाही. सामन्याच्या दिवशीचा अग्निशमन बंब, रस्त्यावरचे खड्डे, दुसऱ्या दिवशीचा कचरा, सगळं आमच्या करातून. शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला १८५५ पासून करमाफी आहे. त्यांनी सुमारे ८५ कोटी डॉलरचं नवं स्टेडियम काढलं, खुर्च्या ४७ हजारांवरून ३५ हजारांवर आणल्या आणि तिथे गाण्याचे जलसे करायची परवानगी मागितली. नगर परिषदेत मतं समसमान पडली, महापौरांच्या मताने ठराव मंजूर झाला. पण गावाने भांडून १५ वर्षांत १५ कोटींहून जास्त डॉलर द्यायचं कबूल करून घेतलं. आमच्या नगर परिषदेने काय मिळवलं? सहा पास आणि एक टोपी.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. नोव्हेंबरमधल्या दोनपैकी एक सामना पुढच्या करारात शनिवारी दुपारी ठेवा. गावातल्या दुकानांना वाहनतळात फुकट जागा द्या. आणि जाहीर आकड्याशेजारी स्कॅन झालेल्या तिकिटांचा आकडा छापा.

तिसरी मागणी तुम्ही मान्य करणार नाही, म्हणून मी सरकारी नोंदी मागवण्याच्या कायद्याखाली अर्ज टाकलाय. आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच आहे, फक्त दहा रुपयांचं तिकीट चिकटवावं लागत नाही. गेल्या तीन हंगामांतल्या प्रत्येक सामन्याची नोंद मागितली आहे. विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत नागरिकांना तीन मिनिटं बोलता येतं. माझं नाव यादीत आहे. बैठक बुधवारी आहे, रात्री साडेसातला नाही, भर दुपारी, म्हणजे दुकानं उघडी असताना. तरी येणार आहे.

आपला,
स्टेडियमच्या मागच्या गल्लीतला दुकानदार
(गल्लीचं जे टोक अजून शिल्लक आहे, तिथला)