पॅडवर पण हातच चालतो

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत आलं होतं की इलेक्ट्रॉनिक ड्रम म्हणजे नुसतं बटण दाबायचं काम, ते वाचून खरंच वाईट वाटलं. मी १२ वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचे इलेक्ट्रॉनिक ड्रम-पॅड) वाजवतोय, म्हणून लिहितोय.

बिल ब्रूफर्ड या इंग्लिश ड्रमरचं उदाहरण घ्या. येस आणि किंग क्रिमसन या रॉक बँडमध्ये नाव कमावल्यावर त्याने १९८६ मध्ये अर्थवर्क्स हा स्वतःचा जॅझ बँड काढला, सोबत जँगो बेट्स आणि इयान बॅलमी ही तरुण पोरं घेतली, आणि साध्या ड्रमच्या जोडीला सिमन्स कंपनीचे षटकोनी इलेक्ट्रॉनिक पॅड लावले. आता गंमत बघा, त्या पॅडवर तो नुसता ठेका धरत नव्हता, एकेका पॅडला सूर आणि कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) लावून ठेवायचा, म्हणजे काठी पडली की कॉर्ड वाजणार, वर बॅलमीचा सॅक्सोफोन, आणि ताल सांभाळायचा तो वेगळाच. चार अवयव चार दिशांना, त्यात एक पॅड चुकला की ठेकाच नाही तर सूरही चुकला! एवढी जबाबदारी साध्या ड्रमवाल्यावर नसते.

पुढे नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याने पॅड बाजूला ठेवून साध्या ड्रमवर तोच बँड नव्याने बांधला. मला मात्र पहिला अर्थवर्क्सच जास्त आवडतो.

पुरवणीत या बँडवर एक लेख द्याच, ही मनापासून विनंती.

– एक ऑक्टोपॅड वादक, सांगली