पम्यास पत्र, विकीच्या घोळाबद्दल

प्रिय पम्या,

तू विचारलं होतंस नैरोबीत स्वाहिली कितपत जमतंय, तर ऐक. गेल्या सोमवारी ऑफिसमधल्या एकाने मेसेज टाकला, 'रिपोटी विकी इजायो'. आता आमच्या टीमचं एक विकी आहे, सगळी डॉक्युमेंटं त्यात असतात, म्हणून मी दुपारभर बसून रिपोर्ट त्या विकीवर चढवला, वर 'झालं' म्हणून कळवलं पण. तो हसतच सुटला. स्वाहिलीत विकी म्हणजे आठवडा रे! विकी इजायो म्हणजे पुढचा आठवडा. मी उगाच घाई केली.

आणि गंमत बघ, घाईचा अर्थ दुसऱ्या विकीत आहे. हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट, आणि विकीविकी म्हणजे आपलं पटपट, भरभर म्हणतो ना तसं, शब्द डबल केला की जोर वाढतो. होनोलुलूच्या एअरपोर्टवर एका टर्मिनलवरून दुसऱ्या टर्मिनलवर नेणाऱ्या बसला विकीविकी शटल म्हणतात, तिथे वॉर्ड कनिंगहॅम नावाच्या प्रोग्रामरला काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की त्या बसने जा, तेव्हा त्याला हा शब्द कळला. पुढे 1995 च्या मार्चमध्ये त्याने कोणालाही एडिट करता येणारी साइट काढली तेव्हा 'क्विक वेब' असलं बेचव नाव न देता विकीविकीवेब ठेवलं. विकिपीडिया त्यानंतर, 2001 मध्ये.

स्वाहिलीतल्या विकीचा याच्याशी काही संबंध नाही, तो इंग्लिश वीकवरून आला. शब्दाच्या शेवटी स्वर लागतोच यांना, म्हणून शर्टचा शाटी, बँकेचा बेंकी, तसा वीकचा विकी. हवाईयनमध्येही प्रत्येक शब्द स्वरावरच संपतो, त्यामुळे दोघं जुळे भाऊ वाटतात, पण नातं शून्य.

आठवड्याला जुना शब्द जुमा, अरबी जुम्म्यावरून. वार मोजायला सुरुवात शुक्रवारनंतर, म्हणून शनिवार जुमामोसी म्हणजे पहिला, रविवार जुमापिली म्हणजे दुसरा, असं करत करत बुधवार जुमाटानो, पाचवा. मग गुरुवार सहावा हवा ना? नाही! तो अल्हामिसी, आणि अरबीत त्याचा अर्थ पुन्हा पाचवाच, कारण अरब रविवारपासून मोजतात. लागोपाठ दोन पाचवे, आणि कोणाला काही वाटत नाही. मी हसलो खरा, पण मग आपला आठवडा आठवला, दिवस सात आणि नाव आठवरून, आपण कुठल्या तोंडाने हसणार.

हवाईयनमध्ये आठवड्याला विकी म्हणत नाहीत बरं का, पुले म्हणतात, आणि पुले म्हणजे प्रार्थना. रविवार म्हणजे लापुले, प्रार्थनेचा दिवस. 1820 ला मिशनरी तिथे पोचले, त्यानंतरचं हे सगळं. मला एकदम तुमच्या गावचा हरिनाम सप्ताह डोळ्यासमोर आला, काकांची वीणा, पहाटेचा काकडा, आणि मंडपामागे आपण दोघं डुलक्या काढत. आपल्याकडेही सप्ताह म्हटलं की सात दिवस कमी आणि भजन जास्त आठवतं. काकांना सांग हे, त्यांना आवडेल.

बाकी इथे अडत नाही फारसं. गाडीला गारी, दुकानाला दुका, विम्याला बिमा, लाखाला लाकी, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांनी नेलेले शब्द जागोजागी भेटतात. घोळ होतो तो फक्त घड्याळाचा, कारण यांचे तास सूर्य उगवल्यापासून सुरू, सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. संध्याकाळचंही तेच.

तर येत्या जुमामोसीला व्हिडिओ कॉल करतो, नक्की उचल. तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, माझ्या घड्याळात सात, आणि शेजारच्या मावशींच्या हिशोबाने एक वाजलेला असेल.

तुझाच,
बाळ्या