‘माझ्याकडेही तसंच होतंय’

सप्रेम नमस्कार,

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. मी मदत मागितली तिथे तुमच्या संदेशाखाली असतं ते टोपणनाव, आणि टोपणनावाला ‘अहो’ म्हणताना जरा अवघडल्यासारखं होतं. पण आभार मानायचेच आहेत, म्हणून हे जाहीर पत्र.

काल रात्री ते गाणं एकदाचं मिक्स होऊन गेलं. गायिकेच्या आवाजावर जो कंप्रेसर होता, म्हणजे आवाजाचे चढउतार आटोक्यात ठेवणारा प्लगिन (मिक्सिंगच्या प्रोग्राममध्ये बसवायचा छोटा प्रोग्राम), त्याच्या थ्रेशोल्डचा, म्हणजे आवाज कितीच्या वर गेला की दाबायचा ते ठरवणारा, नॉब मी शेवटी दीड डेसिबल खाली घेतला. तो फिरला. मी धरलेलाच नॉब फिरला, हे लिहिताना अजूनही हसू येतं.

तीन आठवडे तो फिरत नव्हता. माउस थ्रेशोल्डवर न्यावा तर शेजारचा रेशो, म्हणजे किती दाबायचं ते ठरवणारा नॉब, हलायचा. प्रीसेटच्या यादीवर क्लिक करावं तर काहीच नाही, आणि मोकळ्या जागेवर क्लिक केलं की यादी उघडायची. विंडो जरा सरकवली की चुकीचं अंतरही बदलायचं. आवाज मात्र ठणठणीत! प्लगिन आपलं काम चोख करत होता, फक्त मला हात लावू देत नव्हता.

प्लगिन विंडोजसाठी केलेला, माझं मशीन लिनक्सचं. मध्ये वाईन आणि याब्रिज. वाईन १९९३ पासून विंडोजच्या प्रोग्रामांना लिनक्सवर नांदवतंय. याब्रिज त्याच्या जोरावर प्लगिनला वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतं आणि रीपरसमोर, म्हणजे मी ज्यात मिक्स करतो त्या प्रोग्रामसमोर, लिनक्सचा प्लगिन म्हणून उभं करतं. रीपरला पलीकडे विंडोजचा पाहुणा बसलाय याचा पत्ताही नसतो. इतकी नाजूक वीण असल्यावर कुठे तरी धागा उसवणारच, हे मलाही कळतं. तक्रार त्याची नव्हतीच.

तक्रार माणसांची. प्लगिन बनवणाऱ्यांकडून दोन ओळींचं उत्तर आलं, ‘लिनक्सला आमचा पाठिंबा नाही’. ठीक आहे, ते विकतानाही तेच सांगतात, निदान प्रामाणिक आहेत. पण बाकीचे! एकाने विंडोजच वापरा म्हणून सांगितलं. दुसऱ्याने हा प्लगिन सोडून लिनक्सचाच एखादा घ्या म्हटलं. जणू चाळीस ट्रॅकच्या अर्ध्या झालेल्या मिक्समधून कंप्रेसर उपटून दुसरा लावला की आतलं सेटिंगही आपसूक चालत येतं. तिसऱ्याने रिअलटाइम कर्नल टाकायला लावला. दुखणं माउसचं, औषध लेटन्सीचं, म्हणजे आवाज उशिरा येण्याचं. चौथ्याने अख्खी सिस्टीम नव्याने टाकायला लावली, मी तीही टाकली, आणि काही फरक नाही म्हणून कळवलं तेव्हा उत्तर आलं, ‘मग तुमचंच काही तरी चुकत असणार.’ उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची कमी कुठेच नसते, पण यातल्या एकानेही तो प्लगिन उघडून पाहिला नव्हता. त्या शेवटच्या वाक्यानंतर मी दोन दिवस मशीनच लावलं नाही.

मग तुमचा संदेश आला: ‘थांबा, मी स्वतःकडे टाकून बघतो.’

असं म्हणणारे पुष्कळ असतात, म्हणून मी फार आशा धरली नव्हती. दुसऱ्या दिवशी एक छोटा व्हिडिओ आला, फोनवर काढलेला, जरा हललेला. तुमचा स्क्रीन, त्यावर माझाच कंप्रेसर. बाण थ्रेशोल्डवर, आणि फिरतोय रेशो. खाली एवढंच: ‘माझ्याकडेही तसंच होतंय. तुमचं काही चुकलेलं नाही.’

तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. तुम्हाला त्या प्लगिनची काडीचीही गरज नव्हती. तुम्ही त्याची ट्रायल उतरवून घेतलीत, वाईनमध्ये बसवलीत, याब्रिजला त्याची ओळख करून दिलीत, कशासाठी, तर एका अनोळखी माणसाची कटकट खरी आहे का ते बघायला. आणि गंमत म्हणजे वाईन ९.२२ पासून प्लगिनांच्या विंडोत माउसचा हा घोळ होतो, ९.२१ वर होत नाही, हे तुम्हाला आधीच ठाऊक असणार. एका ओळीत सांगून मोकळे झाला असतात तरी मी पायाच पडलो असतो. तुम्ही आधी बघितलंत, मग बोललात.

उपाय सांगतानाही ‘साधं आहे’ हा शब्द कुठे नव्हता. मागच्या आवृत्तीवर कसं यायचं ते सांगितलंत आणि पुढे लिहिलंत, ‘घाई करू नका, आधी प्रोजेक्टची एक प्रत काढून ठेवा.’ माझं गाणं तुम्ही ऐकलेलं नव्हतं, तरी त्याची काळजी तुम्हाला होती. हुशार माणसं या क्षेत्रात पैशाला पासरी आहेत. समोरच्याचं म्हणणं आधी खरं धरून चालणारी किती, ते माझ्या त्या तीन आठवड्यांत मोजून झालंय: एक.

मानधन घ्या म्हटलं तर ‘याब्रिज काय किंवा वाईन काय, कुणी तरी फुकटच देतंय, मी फक्त एक नॉब फिरवून बघितला’ असं म्हणालात. बरं, राहिलं. पण आभार मानण्यापासून तुम्ही मला अडवू शकत नाही.

वाईन ९.२१ वरच अडकवून ठेवलंय. सिस्टीम अपडेट करायला बसलो की टर्मिनलवर ओळ येते, अमुक पॅकेजेस मागे ठेवली आहेत, आणि खाली वाईनचं नाव. पूर्वी अशा ओळी मी न वाचताच पुढे जायचो. आता त्या नावापाशी जरा थांबतो.

तुमचा,
रेशोवाला