खिडक्यांचं काम आणि तुमचं इकडे येणं

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

रागावण्याआधी पूर्ण वाचा. खिडक्यांचा रंग काढायचं ठरवून टाकलंय, आणि काम चालेल तेवढे दिवस तुम्ही दोघांनी माझ्याकडे राहायचं आहे. बाबा, ‘मागच्या खोलीत दार लावून बसू’ चालणार नाही. जुन्या तैलरंगात शिसं घालत, आणि ते विषारी. खिडकी उघडता-मिटताना चौकटीवर जी पांढुरकी पूड पडते ना, ती त्याच रंगाची. कोरडा घासला तर इतकी बारीक धूळ होते की दाराखालच्या फटीतूनही आत येते. म्हणून रंगाऱ्याला बजावलंय: कोरडा पॉलिश पेपर नाही, बर्नर नाही. पाणी मारून पोपडे काढायचे, खाली जाड प्लास्टिक, शेवटी झाडू न लावता ओल्या फडक्याने पुसायचं.

‘इतकी वर्षं राहिलोच की,’ असं म्हणालच. अडचण तीच आहे, बाबा. रक्तातलं शिसं महिन्याभरात साधारण निम्मं होतं. हाडांत गेलेलं मात्र कित्येक वर्षं तिथेच राहतं. मोठ्या माणसाच्या अंगातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडांतच असतं. उतारवयात हाडं झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरतं, मेंदूपर्यंत जातं. जुनं आपल्याला काढता येत नाही. निदान नवी भर नको. आई, हाडांच्या गोळ्या चुकवू नकोस म्हणते ते काही फक्त गुडघ्यांसाठी नाही.

आणि हे सगळं तुझ्या विसरण्यावरून चाललंय असं मनात आणू नकोस. विसरायला बी-१२ची कमतरता, थायरॉइड, झोप, अशी कितीतरी साधी कारणं असतात. ती आधी बघू. त्याच वेळी शिरेतून रक्त घेऊन शिसंही तपासू. एका डेसिलिटर (१०० मिली) रक्तात ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर ते कुठून येतंय हे शोधायचं असतं. केस तपासून ‘जड धातू काढून देतो’ म्हणणाऱ्याकडे मात्र जायचं नाही. कीलेशन, म्हणजे औषध देऊन अंगातले धातू बाहेर काढणं, हा विषबाधेवरचा उपचार आहे, स्मरणशक्तीवरचा नव्हे, आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

खोली तयार आहे. खुर्ची उजेडाकडे तोंड करून, आईची पातळ उशी, रात्री बाथरूमपर्यंत मंद दिवा. इथेही सकाळचं पहिलं पाणी प्यायचं नाही. रात्रभर तोटीत साचलेलं असतं, तोटीतलं शिसं त्यात उतरू शकतं. हाताला गार लागेपर्यंत वाहू द्यायचं, मग भरायचं. उकळून शिसं जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. हात साबणानेच धुवायचे, सॅनिटायझरने शिसं निघत नाही. आई, जेवायच्या आधी माझे तळवे उलटसुलट करून बघायचीस, तसे आता मी तुमचे बघणार.

काम संपलं तरी लगेच निघायची घाई नको. खिडकीच्या कट्ट्यावरच्या धुळीचा तपासणी अहवाल येऊ दे. कुंड्या आधीच लांब हलवायला सांगितल्यात, पाणीही कोणीतरी घालेल.

सोमवारी गाडी घेऊन येते. बाबा, कानाचं यंत्र खणात ठेवून येऊ नका, घालूनच या.

तुमची,
चिमी