पेन्सिलीने लिहिलेल्या एका ओळीबद्दल

सोलापुरातल्या त्या लॅबच्या मायक्रोबायोलॉजीतल्या ताईंना,

सप्रेम नमस्कार.

ताई, जीवाणूवर औषध चालतं का, त्या चाचणीच्या छापील रिपोर्टच्या तळाशी तुम्ही पेन्सिलीने लिहिलं होतंत, ‘ब्रॉथ लोहमुक्त आहे. आधीचा आकडा धरू नये.’ त्या ओळीसाठी हे पत्र. ती लिहिली नसतीत तरी तुम्हाला कुणी जाब विचारला नसता.

आधीचा आकडा दुसऱ्या एका लॅबचा. नाव घेत नाही. जीवाणू स्युडोमोनास, अँटिबायोटिक सेफिडेरोकॉल, एमआयसी (वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) १६, पुढे ठळक ‘आर’, म्हणजे औषध लागू नाही. सही-शिक्का जागच्या जागी, ब्रॉथ, म्हणजे जीवाणू वाढवायचं पातळ खाद्य, मात्र साधा. विचारलं तर उत्तर आलं, ‘आम्ही सगळ्याच औषधांना हाच वापरतो.’ आणि तेही अशा सुरात, की विचारणाराच अडाणी!

बाकीच्या औषधांना तो चालतो, याला नाही. शरीरात लोह असतं, पण रक्तातलं ट्रान्सफेरिन हे प्रथिन ते मुठीत धरून बसतं; मोकळं जवळजवळ शून्य. भुकेला जीवाणू मग सिडेरोफोर नावाचे रेणू बाहेर सोडतो, ते लोह पकडतात आणि बाहेरच्या पडद्यातल्या ठरावीक दारांतून आत ओढले जातात. सेफिडेरोकॉलला कॅटेकॉलचा गट जोडलेला असल्याने तेही लोह धरतं आणि त्याच दारांतून शिरतं. पडदा ओलांडला की पीबीपी-३ या प्रथिनाला चिकटून पेशीभित्तीचं बांधकाम बंद पाडतं. सगळे याला ट्रोजन घोडा म्हणतात. आपल्याला तेवढं लांब जायला नको, वरातीच्या आडून लाल महाल गाठणारे मावळे आहेतच की.

साध्या ब्रॉथमध्ये जीवाणूचं पोट भरलेलं असतं. ‘फर’ नावाचं प्रथिन ती दारं बनवणंच आवरतं घेतं. औषध बाहेर ताटकळतं आणि रिपोर्टवर ‘आर’ उमटतो.

तुम्ही केलंत ते काम वेळखाऊ. लिटरभर ब्रॉथला १०० ग्रॅम चेलेक्स रेझिन (धातू ओढून घेणारे कण), दोन तास ढवळणं, गाळणं, लोह ०.०३ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याहून कमी. पण रेझिन एकट्या लोहावर थांबत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकही ओढून नेतं. ते मोजून परत घालावं लागतं: लिटरमागे कॅल्शियम २० ते २५ मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १० ते १२.५, झिंक ०.५ ते १. झिंक विसरलं तर उलटीच फजिती. औषध तोडणारी एनडीएमसारखी एन्झाइम्स झिंकवर चालतात. ती थंडावतात आणि औषध आहे त्यापेक्षा गुणी दिसतं. खोट्या ‘आर’पेक्षा हा खोटा ‘एस’, म्हणजे ‘औषध लागू’, जास्त घातक.

वाचतानाही घोळ होतो. चाचणीच्या ताटलीतल्या खळग्यात, म्हणजे विहिरीत, पुसट धुरकटपणा दिसला की घाबरून पुढचा आकडा लिहायचा, ही सवय सगळीकडे आहे. तुम्ही आधी औषध नसलेल्या विहिरीत वाढ दणकून आली आहे ना, ते पाहिलंत आणि तळाचा वाढीचा ठिपका एक मिलिमीटरहून लहान झालेली पहिली विहीर धरलीत. एमआयसी १. चाचण्यांची मानकं ठरवणाऱ्या सीएलएसआयच्या तक्त्यात स्युडोमोनाससाठी ४ पर्यंत ‘एस’. शिवाय औषधाची ३० मायक्रोग्रॅमची डिस्कही लावलीत. तिला साधं म्युलर-हिंटन अगार (जीवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) चालतं, कारण त्यातलं लोह बांधलेलं असतं. डिस्कभोवतीच्या मोकळ्या वर्तुळाच्या आत जीवाणूंची एखादी चुकार कॉलनी आहे का, तेही बघितलंत.

त्यावरच औषध सुरू झालं: २ ग्रॅम, दर ८ तासांनी, प्रत्येक डोस ३ तासांत. तयार बाटली खोलीच्या तापमानाला ६ तास टिकते म्हणतात, पण ती खोली २५ अंशांची. मे महिन्यातल्या सोलापुरात एसी बंद पडला की तसली खोली पुस्तकातच.

ताई, आपलं काम चोख करणारी माणसं अजून पुष्कळ आहेत, म्हणूनच दवाखाने चालतात. पण आपला कागद पुढे कुणाच्या हातात जाईल आणि तो कुठे चुकेल, एवढा विचार करून पेन्सिल उचलणारं माणूस फार दिवसांनी भेटलं.

पेन्सिल पुसली जाते. म्हणून त्या ओळीवरून आता शाईने गिरवलं आहे. वळण तुमचंच ठेवलं आहे.

आपले ऋणी,
वॉर्डातली औषधं सांभाळणारे,
सोलापूर