भूक कमी झाली म्हणून गरज कमी होत नाही

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई सहज म्हणून गेली, "आता या वयात आम्हाला लागतं किती! दोन घास पोटात गेले की झालं." मागून बाबांनीही री ओढली. तेव्हापासून ते बोलणं माझ्या डोक्यातून जात नाहीये. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, चष्मा लावा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

दोन घासांत भागत नाही. वय वाढलं की अन्नातली एक गोष्ट कमी लागते, ती म्हणजे ऊर्जा. बाकीचं बहुतेक तेवढंच लागतं, काही तर जास्तच. माझ्या घरात सध्या तीन वेगवेगळ्या वयांची शरीरं एकाच टेबलावर जेवतात, त्यामुळे हा फरक मला रोज दिसतो.

धाकट्याचंच बघा. पाच महिन्यांचा होईतो त्याचं वजन जन्माच्या दुप्पट झालं. वर्षाचं होईतो बाळाचं वजन साधारण तिप्पट होतं, आयुष्यात पुन्हा कधी माणूस या वेगाने वाढत नाही. पहिले सहा महिने त्याला फक्त माझं दूध दिलं, जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. पण पोटातून येताना आणलेला लोहाचा साठा त्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फार कमी असतं, म्हणून आता वरचं अन्न सुरू केलंय. अमेरिकी शिफारशींप्रमाणे (देशागणिक आकडे थोडे बदलतात) ७ ते १२ महिन्यांच्या बाळाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह लागतं. बाबा, तुम्हाला ८ पुरतं. एवढ्याशा जिवाला तुमच्यापेक्षा जास्त!

थोरली आता वाढीच्या ऐन वयात आहे. तिला दिवसाला १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, माझ्यापेक्षा ३०० ने जास्त. हाडं जेवढी भरायची तेवढी तिशीच्या आसपासपर्यंत भरतात, पुढे असलेलं सांभाळायचं एवढंच हातात राहतं. म्हणून तिने दुधाचा पेला अर्धा ठेवला की मी मागे लागते. मी स्वतः अंगावर पाजतेय, त्यामुळे मला रोज साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात आणि भूकही तशीच लागते. लहानांना, तरुणांना आणि बाळंतिणीला शरीर स्वतःच मागून घेतं. तुमच्या वयात मात्र गरज असते आणि शरीर मागत नाही. माझी काळजी नेमकी हीच आहे.

२०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या वृद्धांपर्यंत सहा हजारांहून जास्त लोकांचा ऊर्जेचा खर्च त्यात मोजला होता. शरीराच्या आकाराचा हिशोब धरला तर वर्षाच्या बाळाचा खर्च मोठ्या माणसाच्या जवळजवळ दीडपट निघाला. पुढे तो विशीपर्यंत हळूहळू उतरतो, २० ते ६० जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर दर वर्षी सुमारे ०.७ टक्क्याने घटतो. म्हणजे तुमची भूक कमी झाली ती उगाच नाही, ते मला मान्य आहे.

पण स्नायूंचं वेगळं आहे. वयाबरोबर ते झिजतात आणि खाल्लेल्या प्रथिनांना पूर्वीसारखी दादही देत नाहीत. तरुणपणी जेवढ्या प्रथिनांत स्नायू भरून निघायचे, तेवढ्यात आता निघत नाहीत. सर्वसाधारण प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. ६० किलोच्या माणसाला हे दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम झाले, आणि तेही एकदम नाही, प्रत्येक जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास. बाबा, तुम्ही रात्री नुसतं पेलाभर दूध पिऊन झोपता. त्यात जेमतेम आठ ग्रॅम असतात. एका अंड्यात सहा. मागच्या वेळी तुमच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलेलं पाहिलं. "बारीक झालो, बरं झालं," असं तुम्ही म्हणालात. मला ते अजिबात बरं वाटलं नाही. या वयात मुद्दाम काही न करता उतरलेलं वजन बरेचदा स्नायूंचंच असतं, आणि खुर्चीतून हात न टेकता उठणं, जिना चढणं, तोल गेला तर सावरणं हे सगळं स्नायूंच्याच जिवावर चालतं. सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के वजन आपोआप कमी झालं तर डॉक्टरांना दाखवायचं असतं. साठ किलोचे तीन किलो, फक्त एवढेच.

तेव्हा ताट लहान असलं तरी चालेल, पण त्यात डाळ, कडधान्य, दही, पनीर, अंडं यांपैकी काहीतरी दोन्ही वेळा असू द्या. दात त्रास देत असतील तर मऊ शिजवा, कुस्करा, पण वगळू नका. चव आणि वास कमी कळायला लागतो म्हणून बेचव वाटतं, तर लिंबू, आलं, मसाला वाढवा, मीठ नको. बाबा, तुमची मूत्रपिंडाची तपासणी आतापर्यंत चांगली आलीय. त्यात काही बिघाड असता तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारावंच लागलं असतं.

आणि बी-१२ जीवनसत्त्व. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटात पुरेसं आम्ल लागतं, आणि वय वाढलं की बऱ्याच जणांचं आम्ल कमी होतं. म्हणजे खाल्लं तरी अंगी लागेलच असं नाही. त्यात बाबा, तुम्ही मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेता आणि तुमची पित्ताची गोळीही चालू आहे. दोन्हींमुळे बी-१२ आणखी कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या येतात, विसरायला होतं, थकवा जात नाही, हे सगळं आपण वयावर ढकलून मोकळे होतो. एकदा रक्त तपासून घ्या.

'ड' जीवनसत्त्वाचंही तसंच. तेवढ्याच उन्हात म्हातारी त्वचा ते कमी बनवते, म्हणून सत्तरीनंतर शिफारस ६०० वरून ८०० युनिटवर जाते. आई, पाळी गेल्यापासून तुझी कॅल्शियमची गरज १००० वरून १२०० झाली. उलट लोहाची १८ वरून ८ वर आली, तेव्हा शेजारच्या कुणी सांगितलं म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू करू नकोस.

पाण्याची तहान लागायची वाट बघू नका. या वयात तहान उशिरा कळते. समोर तांब्या ठेवा आणि येता-जाता घोट घेत राहा.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा बी-१२, 'ड' जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन एवढं लिहून न्या, आणि दर महिन्याला एका ठरलेल्या दिवशी वजन करून मला कळवा. खरं वजन, अंदाजाने नको.

तुमची,
लेक

ता. क. आई, थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नकोस. मध्ये चार तास जाऊ दे, नाहीतर थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही.