एकाच डोसावर राहिलेल्या मुलींना

सप्रेम नमस्कार.

तुमची नावं आम्हाला ठाऊक नाहीत, आणि ती कधी जाहीर होऊही नयेत. आकडा मात्र पाठ आहे: ४,९४९.

२००९ च्या सप्टेंबरात देशात नऊ ठिकाणी १० ते १८ वर्षांच्या अविवाहित मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूवरची, लस देण्याचा अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी होती, पुणं होतं, पार मिझोरममधलं ऐझॉलही होतं. तीनऐवजी दोन डोस पुरतील का, एवढंच पाहायचं होतं. वीस हजार मुली घ्यायच्या, निम्म्यांना दोन डोस द्यायचे, निम्म्यांना तीन. एका डोसाचा विचारही कुणाच्या डोक्यात नव्हता. मग दुसऱ्याच एका लसीकरण प्रकल्पातल्या काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, पण तोवर एप्रिल २०१० मध्ये सरकारने अशा सगळ्या अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं होतं. १७,७२९ मुलींना लस टोचून झाली होती. त्यातल्या तुम्ही ४,९४९ जणी पहिल्याच डोसावर राहिलात.

अर्धवट राहिलेला अभ्यास बहुधा कपाटात जातो. हा गेला नाही, कारण इंजेक्शन बंद झाल्यावरही तुम्ही पुढची कित्येक वर्षं येत राहिलात. आभार मानायचे आहेत ते त्याचे. लस एका मिनिटात टोचून होते, खरं काम नंतरचं असतं.

ते किती किचकट, हे बाहेरच्याला कळत नाही. लस उपयोगी पडली का हे पाहायला गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी लागतात, आणि अविवाहित मुलीची अशी तपासणी करणं आपल्याकडे शक्यच नाही. म्हणून नियम ठरला की लग्नानंतर १८ महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा, नमुना घ्यायचा. एका नमुन्यात विषाणू सापडला म्हणून काही सिद्ध होत नाही. बहुतेक एचपीव्ही संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपसूक जातात. वर्षभराने पुन्हा तोच प्रकार सापडला तरच तो ठाण मांडून बसला असं म्हणायचं, आणि कॅन्सरकडे जाण्याचा धोका अशाच संसर्गात असतो. म्हणजे एकदा येऊन भागत नाही, पुन्हा यावं लागतं. सासर दुसऱ्या तालुक्यात, कडेवर तान्हं मूल, आणि वहीत लिहिलेलं नाव लग्नात बदललेलं. काही गावांत तर आडनावाबरोबर पाळण्यातलं नावही बदलतं. ज्यांनी घरोघरी फिरून असं काम केलंय, त्यांना हा गुंता चांगलाच माहीत आहे. गळती वाढली की मागे उरलेल्या बायका सगळ्यांचं प्रतिनिधित्व करतात असं म्हणता येत नाही आणि आकड्यांवरचा विश्वास उडतो.

२०२१ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. पाठपुराव्याचा मध्यक (निम्म्या जणींचा त्याहून कमी, निम्म्यांचा जास्त काळ) नऊ वर्षांचा होता. एचपीव्हीच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून संरक्षण: तीन डोस ९३.३ टक्के, दोन डोस ९३.१, एक डोस ९५.४. यावरून एक डोस तिन्हींत सरस असा अर्थ काढू नये. संख्याशास्त्राच्या हिशोबाने तिन्ही सारखेच.

शंका होत्या, आणि त्या रास्त होत्या. एक डोस कुणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. लस न घेतलेल्या बायकांचा गटही मागाहून, वय आणि ठिकाण जुळवून घेतला होता. पण एक गोष्ट तुमच्या बाजूने होती. एरवी अर्धवट डोस घेणारी मुलगी मुळात वेगळ्या परिस्थितीतली असू शकते, इथे डोस सरकारी आदेशाने थांबले होते. नंतर केनियात रीतसर चिठ्ठ्या टाकून केलेल्या चाचणीतही १८ महिन्यांनी एका डोसाचं संरक्षण ९७.५ टक्के आलं आणि बरीचशी कुरकुर थांबली.

एक डोस पुरतो कसा? लसीत विषाणू नसतोच. त्याच्या कवचाचं एल१ नावाचं प्रथिन तेवढं असतं. त्याचे ३६० रेणू आपोआप जुळून पोकळ गोळा तयार होतो. वरून हुबेहूब विषाणू, आत डीएनए नाही. पृष्ठभागावर तीच खूण ओळीने दाटीवाटीने लागलेली असल्यामुळे प्रतिकारशक्तीच्या बी पेशी जोरात चेततात आणि त्यांच्यापासून झालेल्या काही प्लाझ्मा पेशी अस्थिमज्जेत मुक्काम ठोकून वर्षानुवर्षं प्रतिपिंडं बनवत राहतात. एका डोसानंतर प्रतिपिंडांची पातळी तीन डोसांपेक्षा कमी असते, पण ती खाली घसरत जात नाही. हे तुमच्याच रक्ताने दाखवलं.

ही प्रतिपिंडं विषाणूला पेशीत शिरण्याआधीच अडवतात. एकदा तो बारीक ओरखड्यातून तळच्या थरात घुसला की त्याचं ई६ प्रथिन पेशीतल्या पी५३ या प्रथिनाला संपवतं, ई७ हे दुसरं प्रथिन पेशीतल्या आरबीला निकामी करतं, आणि पेशीविभाजनाचे दोन्ही ब्रेक जातात. तिथे लसीचा इलाज चालत नाही. म्हणून ती संसर्गाच्या आधी, लहान वयात द्यायची.

डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते २० वर्षांच्या मुलींसाठी एक डोसही चालेल असं सांगितलं. अर्ध्या मिलिलिटरच्या ज्या दोन कुप्या एका मुलीला लागायच्या, त्या आता दोघींना पुरतात. शाळेत दुसरी फेरी नाही, सहा महिन्यांनी गैरहजर मुलींची शोधाशोध नाही. (शीतपेटीतला बर्फ कुपीला चिकटू न देण्याची काळजी मात्र तशीच आहे. ही लस गोठली की तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या गुठळ्या होतात आणि ती वाया जाते.) एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलींना अजूनही किमान दोन, शक्यतो तीन डोस लागतात.

तुमच्यासाठीही एक काम आहे. १६ आणि १८ हे प्रकार मिळून गर्भाशयाच्या मुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरना कारणीभूत असतात. बाकीचे इतर प्रकारांमुळे होतात. त्यामुळे लस घेतली असली तरी तिशीला एचपीव्ही तपासणी करून घ्या. पाळी चालू नसताना जा. आणि तिथल्या ताईंना माहेरचं नावही सांगा, जुन्या वहीत ते तसंच आहे.

तुमचे ऋणी,
कॅन्सर प्रतिबंधाच्या कामातले आम्ही काही जण